तळ्याच्या पाळीवरून

आमच्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण काठ भरपूर आहेत. तळ्यांचा जिल्हा ही भंडाऱ्याची जुनी ओळख. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्या ओळखीचा मोठा हिस्सा आमच्या वाट्याला आला. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, परसवाडा, झालिया, सिरेगावबांध ही त्यातली मोठी नावं. गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्याच, त्यांची नावं वेशीबाहेर कुणाला ठाऊक नसतात. पावसाळ्यात मी धान करतो. रोवणा, निंदण, कापणी उरकली की हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन या काठांवर हिंडतो. पाहुणे बहुधा वाघासाठी आलेले असतात. नागझिऱ्याची एक फेरी झाली, वाघ दिसला नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी आहे, मग कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं. म्हणजे माझी निम्मी गिऱ्हाइकं वाघाने परत पाठवलेली. उरलेली निम्मी पाण्यासाठीच येतात. त्यांच्या गळ्यात जुनी दुर्बीण असते, आणि आल्या आल्या ते पहिल्यांदा गप्प बसतात.

दोघांचाही प्रश्न एकच असतो, "पाणमांजर दिसेल ना?"

पक्ष्यांची हमी मी देतो. डिसेंबर-जानेवारीत नवेगावबांधच्या पाळीवर तासभर बसलेला माणूस पक्षी न बघता उठला, असं व्हायचं तर त्याने डोळे मिटून बसायला हवं. पाणमांजराची हमी मात्र देत नाही. हे आधीच सांगितलं की काही जण नाराज होतात. मोबाईलवर त्यांनी सिंगापूरच्या पाणमांजरांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. तिथे ही जनावरं भर शहरात, कालव्याच्या कडेला, पळणाऱ्या माणसांच्या पायाशी मासे खात बसतात. जात तीच आहे, आपल्याकडची गुळगुळीत कातडीची. पण सिंगापूरच्या पाणमांजराला माणसाने कित्येक वर्षांत दगड मारलेला नाही. आमच्याकडच्याला जाळं ठाऊक आहे, कुत्रं ठाऊक आहे, काठी ठाऊक आहे. ते माणसाला आधी बघतं आणि नंतर ठरवतं, दिसायचं की नाही.

आणखी एक गैरसमज नावामुळे होतो. मांजर म्हटल्यावर पाहुणे मांजराएवढं काहीतरी शोधत राहतात. पूर्ण वाढलेलं जनावर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभराहून लांब असतं, वजन सात ते अकरा किलो. शेपूट बुडाशी जाड आणि चपटी, बोटांमध्ये पडदा, डोकं गोल, मिशा राठ. पाण्यात ते पूर्ण कधी दिसत नाही. डोकं दिसतं, मग पाठीची कमान, मग शेपटीचा फटका, मग नुसतं पाणी.

मी एकटा कधी जात नाही. माझ्यासोबत एक धीवर काकाजी असतात. जन्म सगळा डोंग्यात आणि जाळ्यात गेला, आता गुडघ्यांमुळे रोजचं पाण्यात उतरणं बंद आहे. पाहुण्यांकडून जे मिळतं त्यातला ठरलेला वाटा त्यांचा. पुस्तकं वाचून मला पक्ष्यांची नावं आली. पाणी वाचायला मात्र मी त्यांच्याकडूनच शिकलो. नवा पाहुणा दुर्बिणीने सैरावैरा शोधायला लागला की ते हळूच म्हणतात, "पानी पाहा जी. पान्यातलं नका पाहू."

एका जानेवारीतली सकाळ सांगतो, कारण त्या दिवशी जे घडलं ते बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांनी घडतं, आणि त्या दिवशी सलग घडलं. पाहुणे तिघे होते. नागपूरचे एक निवृत्त प्राध्यापक, त्यांचा शाळकरी नातू, आणि मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या पण नोकरीमुळे गोव्यात स्थायिक झालेल्या एक ताई. धुकं होतं. पाळीच्या उतारावर झाडाच्या बुंध्याशी आम्ही बसलो, पाठ झाडाला, तोंड पाण्याकडे. उभ्या माणसाची आकृती आभाळावर उमटते आणि पाणपक्ष्यांना ती लांबून कळते. म्हणून पहिला नियम, बसायचं.

आधी आवाज आले. रात्रभर धानाच्या बांध्यांत चरून आलेल्या अडया शीळ घालत उतरल्या. मग वारकऱ्यांची कुरकुर. धुकं वर सरकलं तशी पाण्यावर काळ्या ठिपक्यांची रांग दिसली, प्रत्येक ठिपक्याला पांढरं कपाळ. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर आली तेव्हा नातू हसला आणि आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालत होते. पावसाळ्यात त्यांची लांब काळी शेपूट बघण्यासारखी असते, हिवाळ्यात ती गळून जाते आणि पाहुण्यांना तो वेगळाच पक्षी वाटतो. जांभळी पाणकोंबडी एका पायात देठ धरून सोलत बसली होती. लांबवर तलवार बदकांचा छोटा थवा. पट्टकादंब त्या दिवशी नव्हते. पूर्वी ते मोठ्या संख्येने येत असं म्हातारे सांगतात, आता येतात तेव्हा बोटावर मोजावे लागतात.

मग दलदली भोवत्या आला. पंख उचलून धरत, पाण्याच्या जरा वरून. वारकरी झटकन एकमेकांना चिकटले आणि पायांनी पाणी उडवायला लागले. मुलाला वाटलं ते घाबरून पळताहेत. ते पळत नव्हते. एकेकटा वारकरी भोवत्याला उचलता येतो, घोळका फोडायला त्याला वेळ लागतो. दोन घिरट्या घालून तो निघून गेला आणि घोळका पुन्हा सैल झाला. ही गोष्ट मी कितीदा पाहिली असेल, मला अजून तिचा कंटाळा आलेला नाही.

काकाजींचं लक्ष मात्र तिकडे नव्हतंच. समोरच्या काठावर, देवधानाच्या म्हणजे रानभाताच्या कडेने, पाच-सहा पांढरे बगळे होते. ते त्यांच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "बगळे उभे राह्यत नाईत."

या एका वाक्यात सगळं होतं. शिकार करणारा बगळा उभा राहतो, तोच त्याचा धंदा. हे बगळे दोन पावलं चालत, उडत, पुढे जाऊन बसत, पुन्हा उडत. मागचा पुढे, पुढचा मागे, आणि सगळे एकाच दिशेने, काठाला धरून. म्हणजे मासे काठाकडे ढकलले जात होते आणि ढकलणारा पाण्याखाली होता. आमचे पाहुणे पक्षी आणि पाणमांजर अशी दोन वेगळी कामं समजून येतात. पाण्यावर ती वेगळी नसतात. पाणमांजर कुठे आहे हे बगळा सांगतो, पाणकावळा सांगतो, कधी अचानक ओरडत उठलेली टिटवी सांगते. पक्षी नीट न बघणाऱ्याला पाणमांजर दिसलं तर ते नशीब. नीट बघणाऱ्याला दिसलं तर त्यात निम्मा वाटा बगळ्याचा.

थोड्या वेळाने पाणी फुटलं. एक डोकं, मग त्याच्या बाजूला दुसरं, मग अर्धवर्तुळात आणखी. पाच मी नक्की मोजली, सहावं पिल्लू होतं की त्यांच्यातलंच एक पुन्हा वर आलं हे सांगता येत नाही. ही जात कुटुंबाने राहते आणि कुटुंबानेच मासेमारी करते. बाक घेऊन ओळीने पुढे सरकायचं, माशांना उथळ पाण्यात कोंडायचं, मग एकेकाने बुडी. आमच्या गावची ओढजाळ्याची पद्धत हीच आहे. एकाने मासा पकडला, दोन्ही हातांत धरला आणि ते खायला लागलं. हवा थंड आणि स्थिर होती, मधलं पाणी बरंच होतं, तरी काकडी खाल्ल्यासारखा करकर आवाज आमच्यापर्यंत येत होता. नातवाने आजोबांकडे बघितलं, काही बोलला नाही. मला त्या मुलाचं कौतुक वाटलं.

मग त्यातलं एक पाण्यात सरळ उभं राहिलं. छातीपर्यंत बाहेर, मान ताणलेली, तोंड आमच्याकडे. वारा आमच्याकडून तिकडे फिरला होता. "हफ्" असा एक फुत्कार झाला, आणि सगळं पाणी सपाट. बगळे तिथेच राहिले, मग हळूहळू त्यांनी आपला नेहमीचा धंदा सुरू केला. उभे राहिले.

पाणमांजरं पुढे निघून गेल्याची काकाजींनी खात्री केली, तेव्हाच आम्ही वळसा घालून त्या काठावर गेलो. खरं सांगायचं तर माझ्या कामाचा मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे, आणि पाहुण्यांचा सगळ्यात नावडता, कारण इथे विष्ठा बघायची असते. एका उंचवट्यावर, दगडाच्या भोवती, ठरलेल्या जागी सगळं कुटुंब ती टाकतं. तो त्यांचा सूचनाफलक आहे. कोण आलं, कधी आलं, हे दुसऱ्या कुटुंबाला वासावरून कळतं. ताजी असली तर काळसर आणि चिकट, वाळली की नुसते खवले, काटे आणि राख उरते. काकाजी काडीने खवले वेगळे करतात. हा मोठा गोल खवला रोहूचा, हा मरळीचा. वागूर आणि शिंगूर यांना खवले नसतात, त्यांचे काटे शोधावे लागतात. चिखलात पाच बोटांचे ठसे, मध्ये पडद्याची पुसट रेघ. गवत दाबलं गेलेली जागा, जिथे अंग घासून कोरडं केलेलं असतं. प्राध्यापकांनी आधी नाकाला रुमाल लावला होता, पण थोड्या वेळाने ते गुडघ्यावर बसून खवले मोजत होते. बिळाकडे आम्ही कुणालाच नेत नाही. काठच्या झाडांच्या मुळांत ते कुठे आहे हे काकाजींना माहीत आहे, मलाही आहे. तेवढं पुरे.

गोव्याच्या ताई बराच वेळ तुडमाकडे बघत होत्या. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची आमची जुनी सोय. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे चोडणच्या बेटावर पाणमांजरं मी मानशीजवळ पाहिली होती." मांडवी नदीत चोडण बेट आहे. तिथे खारफुटीत होडीतून पक्षी दाखवायला नेतात, आणि त्या अभयारण्याला डॉ. सलीम अलींचं नाव आहे. योगायोग असा की नवेगावबांधच्या पक्षी अभयारण्यालाही त्यांचंच नाव. पण ताईंच्या बोलण्यातली खरी गोष्ट मानशीची होती. गोव्यातल्या खाजण शेतीत भरतीचं पाणी बांधाने अडवतात आणि मानशीच्या दारातून ते आत-बाहेर करतात. आत भात पिकतो, मासे आणि कोळंबी वाढतात. मासे दारापाशी गोळा होतात, म्हणून पाणमांजर दारापाशी येतं.

आमच्याकडे भरती नाही, खारं पाणी नाही, तरी गोष्ट तीच आहे. नवेगावबांध हे नैसर्गिक सरोवर नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं परंपरा सांगते. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या मधली तोंडं बुजवून केवढं तरी पाणी त्यांनी अडवलं. मधल्या बेटाला मालडोंगरी म्हणतात. कोलू पाटलांचा पुढे देव झाला, कोलासूर. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांहून अधिक मालगुजारी तळी आहेत, सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणतात. पाणलोट कसा वळतो, पाळ कुठे घालायची, सलंगातून जादा पाणी कुठे काढायचं, हे तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत होतं. गोंड राजवटीत तळं बांधणाऱ्याला जमीन आणि मान मिळे. हेतू सरळ होता, धान पिकवणे. त्या हेतूच्या कडेने मासा आला, माशामागे धीवर आला, पाणमांजर आलं, आणि सैबेरियाकडची बदकं हिवाळा काढायला उतरू लागली.

म्हणून "माणसापासून लांब, अस्पर्श निसर्ग" हे शब्द कुणी पाळीवर बसून उच्चारले की मला राहवत नाही. आपण बसलोय ती पाळच माणसाने टोपलीने माती टाकून केलीय. इथे पाणमांजर आहे ते माणूस असूनही नव्हे, माणसाने तीनशे वर्षं एक काम नेटाने केलं म्हणून. आणि ते काम बंद पडलं तर ते जाईल, मग त्याच्याभोवती कितीही कुंपणं घाला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

काम बंद पडू लागलं ते १९५०-५१ नंतर. मालगुजारी म्हणजे इथली जमीनदारी गेली हे बरंच झालं, तिच्यात जुलूमही होता. पण तळं सरकारचं झालं आणि पाळीची माती कुणाचीच राहिली नाही. गाळ साचत गेला. काठावर बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही झुडपी वनस्पती एकदा उथळ पाण्यात घुसली की बाकी काही उगवू देत नाही. तळ्याच्या तळातलं शेवाळ, चिला, कमळं, देवधान यांची जागा गेली की देशी माशांना अंडी घालायला आडोसा राहत नाही आणि बदकांना खायला काही राहत नाही. मग बाहेरून मत्स्यबीज आणून सोडायचं, ते वाढवून विकायचं, पुढच्या वर्षी पुन्हा आणायचं. तळ्याची टाकी होते.

याच्या उलट दिशेने काम होऊ शकतं हे आमच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिसलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबरचे धीवर समाजातले लोक यांनी तळी हातात घेतली. बेशरम मुळासकट उपटली, तळाची जमीन उन्हाळ्यात मोकळी केली, दुसऱ्या चांगल्या तळ्यांतून पाणवनस्पती आणून लावल्या, देशी मासे सोडले. या कामात गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या त्या मुख्यतः बाया. शालू कोल्हे यांचं नाव त्यातूनच पुढे आलं. मी स्वतः पक्षी मोजणारा माणूस. तळ्यात आधी गवत परत येतं, मग मासा, मग पक्षी, हा क्रम मला या लोकांनी शिकवला. आपण क्रमाचं शेवटचं टोक दुर्बिणीतून बघतो आणि त्यालाच निसर्ग म्हणतो.

आता जाळ्याचं. पाणमांजर जाळं फाडतं, यात शंका नाही. अडकलेला मासा ओढताना गाळ्याला भोक पडतं आणि ते शिवायला अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाची मजुरी कुणी भरून देत नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते लगेच काकाजींना समजावू लागतात. काकाजी ऐकून घेतात. एकदा त्यांनी एवढंच सांगितलं, "शिव्या तं देतोच जी. पर ज्या तळ्यात ते येत नाई, त्या तळ्यात माझ्या जाळ्यातबी काई येत नाई." यावर समजावणाऱ्यांकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

ज्यांना मी टाळतो ते लोक वेगळे. मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ आले होते, त्यांना पिल्लांचा फोटो हवा होता. डोंगा जवळ घ्या, वेगळे पैसे देतो म्हणाले. काकाजींनी वल्हं आडवं ठेवलं आणि बिडी पेटवली. पिल्लं साधारण हिवाळ्यात असतात, आणि त्या काळात बिळाजवळ वारंवार वर्दळ झाली तर आई ती जागाच सोडते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, ड्रोन उडवणे, काठावर मासे टाकून ठेवणे, हे मी करू देत नाही. यामुळे धंदा बुडतो असं मला सांगितलं जातं. बुडतोही थोडा. पण कॅमेऱ्यासाठी रोज मासा टाकला तर पाणमांजर माणसाजवळ यायला शिकेल, आणि माणसाजवळ गेलेलं पाणमांजर आमच्या भागात फार दिवस टिकणार नाही. त्याच्या कातडीला बाजार होता आणि चोरटा बाजार अजून आहे. २०१९ साली या जातीला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं ते त्यामुळेच, आणि पाळीव म्हणून पिल्लं विकण्याच्या नव्या खुळामुळेही.

मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिले. त्यांचं या तळ्यावरचं लेखन महाराष्ट्राने वाचलं. 'नवेगावबांधचे दिवस' वाचून येणारे पाहुणे अजूनही असतात आणि ते मला फार आवडतात, पण त्यांची एक अडचण होते. पुस्तकातलं तळं शोधत ते फिरतात. चितमपल्लींनी इथलं ज्ञान कुठून घेतलं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, गावातल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून, धीवरांकडून, गोंडांकडून. साहित्यिक गेले की त्यांच्या घराचं स्मारक करा म्हणतात. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले तेव्हाही अशा सूचना झाल्या. मला वाटतं, ज्यांच्याकडून ते शिकले त्यांची नातवंडं आज काय करतात हे बघितलं तर जास्त बरं होईल. बरीचशी नागपूर-हैदराबादला बांधकामावर आहेत. पाण्याकडे बघून बगळा का उभा राहत नाही हे सांगणारा पुढचा माणूस तिथे विटा वाहतोय.

उन्हाळ्यात बोड्या आटतात. तेव्हा पाणमांजरं नाल्या-नाल्याने मोठ्या तळ्याकडे किंवा नदीकडे सरकतात, रात्री, कधी रस्ता ओलांडून. मीही मग पाहुण्यांना वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या बाजूला नेतो. तिथे कसोटी रेतीची असते. नदी सुरय मार्च ते मे या दिवसांत उघड्या रेतीवर अंडी घालतात, आणि पाणमांजराला लोळून अंग वाळवायला तीच रेती लागते. रेतीघाटावर ट्रॅक्टर लागले की दोघंही जातात. आधी पक्षी, मग ठसे. डोहात ब्लिचिंग टाकून मासे मारणारे आणखी वाईट, कारण त्या डोहात पुढे कितीतरी काळ काही उरत नाही. बाघ नदीपलीकडे बालाघाट. तिथल्या जंगलात आणि सातपुड्यात पाणमांजराची दुसरी जात, युरेशियन, कॅमेरा सापळ्यात आल्याची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली. ती जात एकटी, रात्री हिंडणारी, जंगलातल्या झऱ्यांवरची. प्राण्यांना राज्याची सीमा नसते. आमच्या नाल्यांतही ती असेल का, या विचाराने मी ठसे जरा जास्त वेळ बघतो.

याच नद्यांच्या पट्ट्यात महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे सारस उरले आहेत. माणसाएवढा उंच पक्षी, पावसाळ्यात धानाच्या बांधीत पेंढ्याचा ढीग करून त्यावर दोन अंडी घालतो. शेतकऱ्याने ठरवलं तर ती पोरं वाढतात. गोंदियाची सेवा ही संस्था दर जूनमध्ये शेतकऱ्यांना आणि सारसमित्रांना घेऊन मोजणी करते, आणि आकडा तीसच्या आसपास घुटमळतो. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटत्या आकड्याची स्वतःहून दखल घेतली. विजेच्या तारा, कीटकनाशकं, पाणथळ जागा, सगळं त्यात आलं. सारसावर मी एवढंच लिहितो, कारण त्याच्यावर लिहिणारे आहेत. पाणमांजराची आमच्या जिल्ह्यात अशी दरसालची मोजणी माझ्या माहितीत होत नाही, आणि न्यायालयाने त्याची दखल घेतल्याचंही माझ्या ऐकिवात नाही.

तुम्ही यायचं ठरवलंत तर डिसेंबर ते फेब्रुवारीत या. मातकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका, पहाटे पोचा आणि तासभर हलू नका. नवेगावबांधच करायला हवं असंही नाही, कुठल्याही मामा तळ्याची पाळ चालेल. फक्त तिथल्या मच्छीमार संस्थेत जाऊन एखाद्या जुन्या धीवराला सोबत घ्या आणि त्याच्या सकाळचे पैसे मोजून त्याच्या हातात द्या, पाणमांजर दिसलं तरी आणि नाही दिसलं तरी.